बुर्गीकाकूंचं 'पुरे'

बुर्गीकाकू मेलेल्या नवऱ्याशी, एंगेलबेर्टशी, बोलायला लागल्या आहेत, अशी बातमी ऑक्टोबरात आमच्या गावात पसरली. टपालवाल्या गेरलिंडेनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पत्रं टाकायला गेली तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला काकू टेबलाशी बसलेल्या दिसल्या. समोरचं बाकडं रिकामं, आणि त्या रिकाम्या बाकड्याकडे बघत काकू म्हणताहेत, "इतकी वर्षं झाली, तुला अक्कल काही आली नाही. सापडतंय का, की झोपलास तिथंच?" गेरलिंडेनं छातीवर क्रूस काढला आणि संध्याकाळपर्यंत बेकरी, दवाखाना आणि चर्चची पायरी अशा तिन्ही ठिकाणी टपाल पोचवलं.

आता खरं काय ते सांगतो. नवरा नव्हता, मी होतो, शेजारचा कोर्बी. टेबलाखाली. माझ्या हातून बदामाची दश्शी निसटली होती, ती मी गुडघ्यांवर रांगत शोधत होतो. अक्कल न येण्याचा विषय माझाच होता आणि गावात त्यावर दुमत असायचं काही कारण नव्हतं.

हे मी गुत्त्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं. त्यावर सुतार म्हणाला, "आणि टेबलाखाली तुझ्या शेजारी एंगेलबेर्ट नव्हता कशावरून?" सगळे हसले. दोन दिवसांत बातमी अशी झाली की त्या घरात आता दोघं जण मेलेल्याशी बोलतात. माझ्या साक्षीला गावात एवढीच किंमत आहे. दोष माझाच; मी धुराडी साफ करतो, त्यामुळे घराघरात जातो, आणि एका घरची काजळी झाडता झाडता दुसऱ्या घरची पसरवतो. असा माणूस एखाद वेळी खरं बोलला तरी लोकांना ते पचत नाही.

आमच्याकडे धुराडेवाला शुभ मानतात. नव्या वर्षाच्या सकाळी लोक रस्त्यात थांबवून माझ्या कोटाचं बटण चोळतात, नशीब उजळावं म्हणून. ते नशीब सगळं त्यांच्याकडेच जात असणार, कारण बुर्गीकाकूंच्या टेबलाशी बसतो तेव्हा माझ्याकडे त्यातलं काही उरलेलं नसतं. बुधवारी आणि रविवारी दुपारी आम्ही पत्त्यांतला श्नाप्सन खेळतो. काकूंच्या स्वयंपाकघरात एक पाटी टांगलेली आहे. हरणाऱ्याच्या नावापुढे तिच्यावर खडूनं एक गोळा काढतात, त्याला आम्ही बुमर्ल म्हणतो. माझ्या नावापुढे एवढे बुमर्ल झाले आहेत की लांबून बघणाऱ्याला तो द्राक्षांचा घड वाटतो. काकूंच्या नावापुढे नुसती पाटी.

खेळ थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची भानगड कळायची नाही. दोघं खेळणारे, वीस पत्ते, आणि कॉफी गार व्हायच्या आत डाव संपतो. पाच-पाच पत्ते हातात, एक उताणा ठेवायचा, तो हुकूम, बाकीची गड्डी पालथी. हात जिंकला की त्यातल्या पत्त्यांचे गुण आपले. आमच्या पत्त्यांचे रंग बदाम, पानं, घंटा आणि ओकफळं, आणि त्यांत राणी नसते. राजाच्या खाली थोरला सरदार आणि धाकटा सरदार; एक्क्याचे गुण अकरा, दश्शीचे दहा, राजाचे चार, थोरल्याचे तीन, धाकट्याचे दोन. राजा आणि थोरला सरदार एकाच रंगाचे हातात आले की ती जोडी. ती दाखवून 'वीस' म्हणायचं आणि दोघांतला एक टाकायचा. सहासष्ट गुण झाले की 'पुरे' म्हणायचं, डाव तिथंच संपला. गंमत अशी की काही लिहून ठेवायचं नाही, आणि जिंकलेले हात पुन्हा उलटून बघायचे नाहीत. सगळं डोक्यात. 'पुरे' म्हणालात आणि गुण कमी निघाले, तर डाव समोरच्याचा. डाव जिंकत सातावरून शून्याला जो आधी उतरेल तो सुटला, मागं राहिला त्याला बुमर्ल.

बुर्गीकाकू हा खेळ शिकल्या त्या वरच्या वाडीतल्या त्यांच्या आजोबांकडून, दुधाच्या गाडीची वाट बघता बघता. दुधाची गाडी चालवणारा पोरगा एकदा खाली उतरला, एक डाव खेळला, हरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरला. तोच एंगेलबेर्ट. लग्नानंतर त्या दोघांनी घरातला एकही प्रश्न भांडून सोडवला नाही, सगळे पत्त्यांवर सोडवले. पहाटे गोठ्यात कोण जाणार, डुकराला कधी कापायचं, सासूबाईंना नाताळला किती दिवस ठेवायचं. मुलगी झाली तेव्हा एंगेलबेर्टला तिचं नाव एंगेलबेर्टा ठेवायचं होतं. काकूंनी तो डाव बाळंतपणाच्या खाटेवर खेळला आणि मुलीचं नाव रोसविटा झालं. रोसविटा माझ्या वर्गात होती. आईनं पत्त्यांत जन्मभर जिंकलेल्यांतला सगळ्यांत उपयोगी डाव तोच, असं ती अजून म्हणते.

आमच्या अग्निशमन दलाची दरवर्षी श्नाप्सनची स्पर्धा असते, पहिलं बक्षीस अर्धं डुक्कर. काकूंनी ते इतक्यांदा घरी नेलं की शेवटी दलाचे लोक टोप्या हातात घेऊन त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, "काकू, तुमचा एवढा अनुभव, यंदापासून तुम्ही पंच व्हा." काकू म्हणाल्या, "म्हणजे खेळू नको." ते म्हणाले, "तसं नाही." काकू म्हणाल्या, "तसंच आहे, पण टोप्या काढून आलात म्हणून चालवून घेते." तेव्हापासून त्यांना खेळायला गावात माझ्यावाचून कुणी उरलं नाही. मला यात मान वाटायचा. सुतार म्हणतो, मांजराला उंदराचा जो मान वाटतो तो.

तर एंगेलबेर्टची बातमी लिंझला पोचली आणि शनिवारी रोसविटा आली. ती तिकडे औषधांच्या दुकानात असते. आली ती थेट स्वयंपाकघरात. मी तिथंच होतो, चुलीचं धुराडं बघायला. ते मी त्या महिन्यात तिसऱ्यांदा बघत होतो. त्या दिवशी काकूंनी खसखशीचा केक केला होता, एवढंच.

"आई, तू बाबांशी बोलतेस?"

"जिवंत होता तेव्हा त्याच्याशी बोलून उपयोग नव्हता. आता कशाला बोलू."

"गेरलिंडेनं बघितलंय."

"गेरलिंडे दरवर्षी माझी नाताळची कार्डं या कोर्बीच्या पेटीत टाकते. तिच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून तू लिंझहून आलीस?"

मी म्हणालो, "रोसविटा, खरंच मी टेबलाखाली होतो."

"तू टेबलाखाली काय करत होतास?"

"दश्शी शोधत होतो."

रोसविटानं माझ्याकडे असं बघितलं की वृद्धाश्रमात दोन खोल्या लागतील की काय, असा हिशेब तिच्या डोळ्यांत दिसला. कारण खोलीचीच गोष्ट होती. खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती, चांगली, बागेच्या बाजूची. घ्यायची की नाही ते सोमवारी कळवायचं होतं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार.

"परवा फोनवर तू मला हिल्डा म्हणालीस," रोसविटा म्हणाली.

"हिल्डा माझी बहीण. तुझा आवाज तिच्यावर गेलाय. कटकटही तिच्यावरच."

"आणि करपलेली किटली?"

"किटली ठेवली आणि याच्या धाकट्या सरदाराच्या मागं लागले. मजा येत होती."

"आई, हसू नकोस." रोसविटा बसली. कोट तिनं काढलाच नव्हता. "हिवाळा तोंडावर आलाय. बाहेरच्या पायऱ्यांवर बर्फ होतो. मी तिकडे लांब. तुझ्याकडून फोन यायला जरा उशीर झाला की मी रात्रभर जागी राहते. मला तुला कुठं टाकायचं नाहीये. मला झोप हवी आहे."

काकूंनी केकचा चुरा बोटानं गोळा केला, ताटलीच्या कडेला ठेवला. मग म्हणाल्या, "पायऱ्यांना कठडा बसवू. सुतार बसवेल. पण तुझा खरा प्रश्न पायऱ्यांचा नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हा आहे. हो ना?"

"हो."

"मग उद्या जेवणानंतर इथं बस. याच्याशी मी एक अख्खा बुमर्ल खेळते. एकदा जरी माझं 'पुरे' चुकलं, तर सोमवारी मी स्वतः बॅग भरेन, रडणार नाही, तुला बोल लावणार नाही. नाही चुकलं तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

रोसविटा याच टेबलाशी वाढलेली. दुसरं कुणी असतं तर डॉक्टरच्या तपासणीबद्दल बोललं असतं. ती म्हणाली, "चालेल. पण कोर्बीशी? तो हरतोच की."

"त्यानं हरायचं की नाही हा सवाल नाही. मोजायचंय मला."

मी घरी आलो आणि एक योजना केली. योजना करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्या पार पाडण्यात कुणी माझा हात धरेल तर बरं होईल. योजना अशी की काकूंना एवढे भरभरून गुण द्यायचे की त्यांनी कधीही 'पुरे' म्हटलं तरी ते खरंच ठरावं. पाऊणशे, ऐंशी. मग मोजणी चुकली तरी बोंब होणार नाही. सगळं आयुष्य नकळत जे केलं तेच एकदा समजून-उमजून करायचं होतं. सोपं वाटलं.

रविवारी भाजलेलं डुक्कर आणि डंपलिंग झाले, सफरचंदाच्या दारूचा तांब्या मध्ये आला, रोसविटा टेबलाच्या टोकाला बसली. पहिल्याच डावात मी काकूंच्या हुकमाच्या तोंडात एक एक्का नेऊन ठेवला.

काकू थांबल्या. "कोर्बी, ताप आहे का?"

"नाही काकू."

"मग हा एक्का कुठल्या आनंदात?"

"चुकून."

दुसऱ्या डावात माझ्याकडे राजा आणि थोरला सरदार जोडीनं आले. मी दोघांना वेगवेगळं टाकलं, जशी काही त्यांची ओळखच नाही. काकूंनी पत्ते पालथे ठेवले.

"रोसविटा, कोंबड्यांना दाणे घालून ये."

"आत्ता?"

"आत्ता."

ती गेली. काकूंनी दार लागल्याचा आवाज ऐकला आणि मग माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तू मला पानात वाढतोयस," त्या म्हणाल्या. "असल्या खेळावर मी या घरात राहिले तर ते राहणं माझं नाही, तुझ्या दयेचं. आणि माझं डोकं खरंच गेलं असेल तर ते मला कळायला नको? रोसविटाआधी मला कळायला हवंय."

"काकू, पण नीट खेळलो तर..."

"तर नेहमीसारखा हरशील. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

रोसविटा परत आली. मी नीट खेळायला लागलो, आणि त्याच दिवशी, ज्या दिवशी मला ते अजिबात नको होतं, पत्ते माझ्याकडे धावत यायला लागले. हुकमाचा एक्का येऊन बसतोय, दश्शी मागून येतेय, जोड्या दोन-दोन. वर्षानुवर्षं लोकांनी चोळून नेलेलं माझं नशीब एका दुपारी सगळं परत आलं होतं. काकूंनी प्रत्येक वेळी 'पुरे' म्हटलं ते बरोबर निघालं, पण मीही खाली उतरत होतो. शेवटी अशी वेळ आली की दोघांनाही एकच डाव हवा. हा डाव जिंकलो तर पाटीवर काकूंच्या नावापुढे पहिला गोळा माझ्या हातून पडणार होता. ती इच्छा मी मनात दाबली. दाबली म्हणजे ती होती, हे आलंच.

हुकूम घंटांचा. मी एक धाकटा सरदार टाकला, काकूंनी तो दश्शीनं उचलला. बारा झाले. मग त्यांनी पानांचा राजा आणि पानांचा थोरला सरदार माझ्या नाकासमोर धरले, "वीस" म्हणाल्या आणि राजा खाली टाकला. माझ्याकडे पानांचा एक्का होता. मी तो राजा गपकन खाल्ला. काय सांगू, काकूंचा राजा असा उघड्यावर मला आजवर कधी मिळाला नव्हता. मी हात माझ्याकडे ओढला आणि त्यावर तळवा ठेवून बसलो, कोंबडी अंड्यावर बसते तसा.

मग मी बदामाचा धाकटा सरदार टाकला. काकूंनी तो हुकमाच्या राजानं कापला. सहा. पत्ता उचलला, बघितला आणि गड्डी बंद केली. म्हणजे उताणा हुकूम पालथा घातला. आता कुणी नवा पत्ता घ्यायचा नाही, हातातल्यावरच काय ते. असं करणारा माणूस सांगत असतो की मला माझे गुण माहीत आहेत. हुकमाचा एक्का टाकला, माझा हुकमाचा थोरला सरदार गेला. चौदा. बदामाचा एक्का टाकला, माझा बदामाचा थोरला सरदार गेला. आणखी चौदा.

काकूंनी उरलेले पत्ते टेबलावर ठेवले. "पुरे."

मी मनातल्या मनात बेरीज केली. बारा, सहा, चौदा, चौदा. शेहेचाळीस. पुन्हा केली. शेहेचाळीसच. एक-दोन गुणांची चूक कुणाचीही होते. माझी तर रोज होते. पण वीस गुणांनी चुकायचं म्हणजे डोक्यातला अख्खा जिनाच कोसळलाय. काकू शांत बसल्या होत्या. त्यांना पत्ताच नव्हता, असं मला वाटलं. कुणी 'पुरे' म्हटलं की मोजायला सांगायचा हक्क समोरच्याचा, म्हणजे माझा. मी घाईघाईनं म्हणालो, "हो हो, पुरे. झालं. हरलो. काढा बुमर्ल," आणि सगळे पत्ते एकत्र करायला हात घातला.

"हात वर घे, कोर्बी," रोसविटा म्हणाली.

"अगं पण मी मान्य केलं ना. खेळणारा मी आहे."

"तुझा चेहरा बघ. पांढरा पडलाय. मोजायचंय मला."

"मोजू दे," काकू म्हणाल्या.

रोसविटानं आईचे हात एकेक उलटले. बोटानं पत्ते सरकवत, ओठ हलवत. शेवटच्या पत्त्यावर बोट थांबलं. "शेहेचाळीस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की जिंकून तिला काहीच मिळालं नव्हतं. चुलीतलं लाकूड तडकलं. मी म्हणालो, "उजेड कमी आहे, दुपारी या खिडकीतून..."

काकू लेकीकडे बघत राहिल्या, शाळेत बाई फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलीकडे बघतात तशा.

रोसविटानं पत्ते पुन्हा बघितले. मग हळूच म्हणाली, "दुसरा हात. दुसऱ्या हाताला तू जोडी दाखवलीस. पानांची. वीस म्हणालीस."

"राजा तर माझ्याकडे आहे," मी म्हणालो आणि तळव्याखालचा राजा दाखवला. हे मी मोठ्या अभिमानानं दाखवलं, हे कबूल केलेलं बरं, कारण रोसविटा ते गावभर सांगतेच आहे.

"तू राजा खाल्लास, कोर्बी. वीस गुण नाही खाल्लेस. जोडीचे गुण ज्यानं दाखवली त्याचेच. लहान मुलाला ठाऊक असतं." तिनं थोरला सरदार काकूंच्या उरलेल्या पत्त्यांतून काढला आणि राजाशेजारी ठेवला. "शेहेचाळीस आणि वीस. सहासष्ट. एकही जास्त नाही."

म्हणजे त्या टेबलाशी तीन डोकी होती आणि त्यांतलं एकच ठिकाणावर नव्हतं. ते कुणाचं हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही. काकूंनी खडू उचलला आणि माझ्या घडाला आणखी एक द्राक्ष लावलं.

रोसविटानं तेव्हा कुठं कोट काढला. तांब्यातली दारू स्वतःला ओतून घेतली, अर्धी प्यायली, डोळे पुसले. हसून की कशानं, मी विचारलं नाही. मग म्हणाली, "कठडा मात्र याच आठवड्यात. आणि उद्या त्या वृद्धाश्रमातल्या बाईंना मी काय सांगू? त्यांनी माझ्या शब्दावर खोली अडवून ठेवलीये."

बुर्गीकाकू पत्ते पिसत म्हणाल्या, "सांग, आई यायला तयार होती, पण शेजाऱ्याकडे लक्ष द्यायला दुसरं कुणी नाही."